चार मिलिमीटर माती

पुठ्ठेबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लेक आई म्हणायची, धाकटा भाऊ ताई म्हणायचा, आणि शहरातल्या झाडून सगळ्या आर्किटेक्टांच्या ऑफिसांत त्या पुठ्ठेबाईच होत्या. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कागदावर जे काढलेलं असेल ते पुठ्ठ्यात, फोममध्ये आणि ॲक्रिलिकमध्ये उभं करायचं. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत एक चिमुकलं गाव मांडलेलं असतं ना, वीतभर इमारती, नखाएवढ्या गाड्या, बाकांवर बसलेली तांदळाच्या दाण्याएवढी माणसं, तसली मॉडेलं.

त्यांच्या झाडांचं तर फार नाव होतं. तांब्याची तार पिळून खोड आणि फांद्या, स्पंज रंगात भिजवून, वाळवून, मिक्सरमधून फिरवून पानं. बाजारात प्लॅस्टिकची तयार झाडं मिळायची, पण पुठ्ठेबाई त्यांना हात लावत नसत. "ती झाडं नाहीत, बाटली धुवायचे ब्रश आहेत," असं म्हणायच्या.

धाकटा भाऊ आर्किटेक्ट होता. आईवडील लवकर गेले, तेव्हा पुठ्ठेबाईंनीच त्याला वाढवला, शिकवला. आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर केस औषधाला उरले नव्हते, हाताखाली चौदा माणसं होती, आणि तरी त्या त्याला छोट्या म्हणत. ऑफिसातल्यांसमोरसुद्धा. त्यानंही कधी तक्रार केली नव्हती. पर्यावरणाचा विचार करून इमारती बांधणारा म्हणून त्याची ख्याती होती. सावली, वारा, पाणी यांवर तो तासभर बोलू लागला की ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे गार वाटायचं.

लेकीनं आणि जावयानं घर घेतलं ते मामाच्याच इमारतीत. मॉडेल अर्थात आईनं केलेलं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी अडीचच्या सुमाराला लेकीचा फोन आला. "आई, येतेस का? लगेच ये." आवाज असा होता की पुठ्ठेबाईंनी हातातला कटर टेबलावर टाकला, चपला अडकवल्या आणि निघाल्या.

दार लोटलेलंच होतं. आत दिवाणखान्यात भर दुपारी अंधार. पश्चिमेच्या अख्ख्या काचेच्या भिंतीला लेकीनं चंदेरी कागद चिकटवले होते, आणि तरीही तिकडून तव्याजवळ उभं राहिल्यासारखी धग येत होती. लेक न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती. आत फरशीवर ओला टॉवेल अंथरलेला आणि त्यावर सात महिन्यांची नात, नुसत्या लंगोटावर. मान, पाठ, काखा घामोळ्यांनी लालबुंद. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"घरात हीच एक जागा जरा गार आहे," लेक म्हणाली.

"एसी?"

"काल बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, मशीनला मोकळी हवाच मिळत नाही, दुसरं काय होणार."

"अगं मग खिडक्या तरी उघड."

"उघडू?" लेक उठली. "ये, दाखवते."

स्वयंपाकघरात दिवा लावलेला होता. लेकीनं खिडकीची काच सरकवली, तशी भट्टीचं दार उघडावं तशी झळ पुठ्ठेबाईंच्या तोंडावर आली. त्या मागे सरकल्या आणि मग पुन्हा वाकून बघितलं. समोर दोन-अडीच हातांच्या पलीकडे दुसऱ्या घराची भिंत, दुसऱ्या घराची खिडकी. चौदा मजले खालपासून वरपर्यंत एसीची मशीनं एकमेकांकडे तोंडं करून टांगलेली, सगळी गरम हवा त्या फटीत ओकत होती. खालच्यांची वर येत होती, वरच्यांची कुठंच जात नव्हती.

"मॉडेलमध्ये इथे केवढी जागा होती," लेक म्हणाली. "चांगलं आठवतंय मला. मी पूर्ण हात घालून बघितला होता आत. तू ओरडली होतीस, मोडशील म्हणून."

पुठ्ठेबाईंनी काच ओढून घेतली. त्यांनाही आठवत होतं. सहा सेंटिमीटर. म्हणजे सहा मीटर रुंद चौक, वरून उजेड, खालून वारा. त्याच्या भिंतींना त्यांनी मुद्दाम फिका रंग दिला होता, उजेड खाली उतरावा म्हणून.

"याला हे घर लांब वाटत होतं," लेक म्हणाली. याला म्हणजे नवऱ्याला. "मीच हट्ट केला. मी म्हटलं, ही झाडं माझ्या आईनं लावलीयत. सेल्सच्या मुलीला पण सांगत सुटले, ही झाडं माझ्या आईनं लावलीयत." तिचा श्वास जोरात चालला होता. "मला राग येतोय, आई. मामाचा येतोयच. पण तुझाही येतोय. मी काय करू?"

"येऊ दे," पुठ्ठेबाई म्हणाल्या. "माझा येऊ दे. पोरीला उचल, चार कपडे घे आणि माझ्याकडे चल."

लेक सामान भरत होती तेवढ्यात त्या खाली बागेत जाऊन आल्या. मॉडेलमध्ये त्यांनी तिथे छप्पन्न झाडं लावली होती, एकेक हातानं. प्रत्यक्षात हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचा गालिचा होता आणि चपलेतूनही त्याचे चटके बसत होते. त्यात जागोजागी बांबूला बांधलेल्या वाळक्या काठ्या. नळीनं पाणी मारणारा माळी त्यांच्याकडे बघून कसनुसं हसला.

"लावतो बाई, दरवर्षी लावतो. हा तिसरा लॉट. खाली गाड्या आहेत ना. माती वीतभर पण नाही. मुळं जाणार कुठं?"

पुठ्ठेबाईंनी हातातल्या छत्रीचं टोक गवताच्या कडेला मातीत रोवलं. चार बोटं गेलं आणि खट्‌कन काँक्रीटला लागलं. गेटवर 'पर्यावरणस्नेही वसाहत' अशी पितळी पाटी होती, तीवर चार पानं कोरलेली. त्या पाटीला छत्री हाणावी असं त्यांना फार वाटलं. पण नातीला कडेवर घेऊन लेक येत होती.

दोघींना घरी सोडून पुठ्ठेबाई तडक भावाच्या ऑफिसात गेल्या. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," असं कुणीतरी म्हणालं. त्यांनी केबिनचं दार ढकललं. आत तो एकटाच होता.

"चौक सहा मीटरचा होता ना रे?"

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "होता. नंतर बदलला. प्रत्येक मजल्यावर दोन घरं जास्त बसवली त्यांनी."

"त्यांनी? नकाशावर सही कुणाची?"

"ताई, बस ना."

"बसायला नाही आले मी. मॉडेल का नाही बदललं?"

"मॉडेल आधीच झालं होतं. विक्री सुरू करायची घाई होती. पेटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मॉडेल फक्त कल्पनेसाठी म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

"काय केलं असतं?" पुठ्ठेबाईंचा आवाज चढला तसे बाहेरचे की-बोर्ड थांबले. "पोटच्या पोरीला तिथे पाय ठेवू दिला नसता!"

"तिनं घेताना मला कुठे विचारलं?"

"मामाच्या इमारतीत घर घ्यायचं तर भाचीनं काय माहितीचा अर्ज करायचा? तुझी नात न्हाणीघरात निजतेय छोट्या. एकदा चल. दुपारी तीन वाजता त्या स्वयंपाकघरात नुसता उभा राहा. फोडणी घाल म्हणत नाही मी, नुसता उभा राहा."

 मग उठून त्यानं कोपऱ्यातली नकाशांची गुंडाळी आणली आणि टेबलावर पसरली. हळू आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. मला मान्य आहे. पण हे बघ. हे वेगळं आहे."

जुनी तीन मजली चाळवजा वसाहत होती, दोनशे चाळीस कुटुंबांची. मधोमध मोठं मैदान, ज्यावर आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली माणसं येऊन बसायची. ते सगळं पाडून नवं बांधायचं होतं. घरांतून आरपार वारा जाईल अशी रचना होती, चौक सहा मीटरचे, आणि मैदानाखाली काहीही नाही. गाड्या इमारतींच्या खाली. मैदानात ब्याऐंशी झाडं, थेट जमिनीत.

"तीन आठवड्यांनी रहिवाशांची सभा आहे," तो म्हणाला. "ते हो म्हणाले तरच हे होणार. मॉडेल तूच कर. यात मी खरंच जीव ओतलाय, ताई."

पुठ्ठेबाईंनी नकाशे बघितले. त्यांना नकाशे वाचता येत होते, बऱ्याच आर्किटेक्टांपेक्षा बरे. यात खोट नव्हती. आणि भाऊ होता तो, स्वतःच्या हातांनी वाढवलेला. त्या गुंडाळी काखेत मारून घरी आल्या. लेकीनं नातीला पावडर लावता लावता एकदा वर बघितलं.

आठवडाभरात इमारती उभ्या राहिल्या. शंभराला एक असं माप होतं, म्हणजे एका सेंटिमीटरला एक मीटर. नात कूलरसमोर पाय झाडत पडलेली असायची. तिची घामोळी सुकायला लागली होती. पुठ्ठेबाई मैदानाचा फोम कापणार, तोच ऑफिसातून ई-मेल आली. सुधारित नकाशे. सोबत एक ओळ नाही.

त्यांनी जमिनीचा उभा छेद उघडला. मैदानाखाली दोन मजली पार्किंग आलं होतं. त्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर माती चाळीस सेंटिमीटर. चौक सहा मीटरवरून अडीच मीटरवर. वरच्या रंगीत चित्रात मात्र ब्याऐंशीच्या ब्याऐंशी झाडं डेरेदार उभी होती, आणि त्यांच्याखाली एक आजोबा नातवाचा हात धरून चालले होते.

पुठ्ठेबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी फोन लावला.

"माहितीये तू काय म्हणणार," तो आधीच म्हणाला.

"माहितीये ना? मग तूच म्हण."

"ताई, सहा वेळा. सहा वेळा मी माती वाढवून पाठवली आणि सहा वेळा त्यांनी कापली. दीड मीटर माती म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ तीन टन वजन. खांब जाड करावे लागतात, मग गाड्या कमी बसतात. ते ऐकत नाहीत. मी सोडलं तर उद्या दुसरा कुणी येईल. तो चाळीस सेंटिमीटरही ठेवणार नाही."

"येऊ दे दुसरा. त्याची बहीण नाही मी."

"चौदा घरं चालतात माझ्या ऑफिसावर."

"आणि इथे दोनशे चाळीस."

 तो थकल्यासारखा म्हणाला, "तू मॉडेल कर. नकाशात आहे तसं. बाकी माझ्यावर सोड."

"नकाशात आहे तसं?"

"हो."

"ठरलं तर," पुठ्ठेबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी नकाशात होतं तसंच केलं. अगदी तसंच. एरवी मॉडेलची कड काळ्या पट्टीनं झाकतात, खालचं कुणाला दिसू नये म्हणून. या वेळी त्यांनी मैदानाची एक बाजू पूर्ण उघडी ठेवली. पार्किंगचे दोन मजले पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये केले, आत नखाएवढ्या गाड्या दाटीवाटीनं लावल्या. त्यावर स्लॅब. त्यावर दोन मिलिमीटरचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे, तपकिरी रंगवून. चार मिलिमीटर. हीच माती.

मग झाडं. दहा सेंटिमीटर उंच, भरगच्च, आयुष्यात केली त्यांत सगळ्यांत चांगली. एरवी झाडाची तार इंचभर फोममध्ये खुपसली की झाड ताठ उभं राहतं. या वेळी खुपसायला फोमच नव्हता. तार चार मिलिमीटर जायची आणि स्लॅबला लागायची. झाड हळूच कलायचं आणि आडवं व्हायचं. त्यांनी गोंदाचा थेंब टाकला, पुन्हा उभं केलं. पुन्हा कललं. चाळिसाव्या झाडाला त्यांनी गोंदाची बाटली भिंतीवर फेकली.

"आई!" लेक आतून धावत आली.

"काही नाही. झाड पडलं."

लेकीनं भिंतीवरून ओघळणारा गोंद बघितला, टेबलाकडे बघितलं, खाली वाकून त्या उघड्या बाजूनं बराच वेळ आत पाहत राहिली. मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि झाडांच्या बुडाशी तारेचे बारीक पाय वळवायला लागली, पुतळ्याला चौथरा असतो तसे. अशा पायांवर झाडं कशीबशी उभी राहिली. दोघी संध्याकाळपर्यंत काम करत होत्या.

सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी वसाहतीतल्या शाळेच्या हॉलमध्ये होती. पुठ्ठेबाईंनी मॉडेल लवकर नेऊन मांडलं. भाऊ आला, एक प्रदक्षिणा घातली आणि उघड्या बाजूपाशी थबकला.

"हे काय आहे, ताई?"

"छेद. तुझ्याच नकाशातला."

"हे दाखवायचं नसतं. तुला माहितीये."

"नकाशात आहे तसं कर म्हणालास."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. माणसं यायला लागली होती. त्यानं दोन शिपायांना खूण केली आणि टेबल उचलून असं लावलं की उघडी बाजू भिंतीला भिडली. पुठ्ठेबाई बघत राहिल्या. चार लोकांत त्याचा पाणउतारा करायचा नाही, ही लहानपणापासूनची सवय होती. त्या मागच्या रांगेत जाऊन बसल्या, आणि बसल्या जागी स्वतःवरच चरफडत राहिल्या.

बिल्डरच्या वतीनं एक टायवाला गृहस्थ बोलायला उभा राहिला. माणूस गोडबोल्या. वीज वाचेल, पाणी मुरेल, पाखरं येतील असं बरंच सांगितलं. लोक माना डोलावत होते. पहिल्या रांगेत जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत होते. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स, आता वसाहतीच्या समितीच्या प्रमुख. त्या वहीत टिपणं काढत होत्या.

टायवाल्यानं हातातली काठी मैदानावरून फिरवली. "आणि ही ब्याऐंशी झाडं, आजी. ही आम्ही नाही लावली. ही तुमच्या नातवंडांची सावली आहे."

पुठ्ठेबाईंना न्हाणीघराची फरशी दिसली. त्या उठल्या, रांगेतून वाट काढत पुढे गेल्या आणि टेबलाचं टोक धरलं. टेबल जड होतं.

"जरा तिकडून धरता का?" त्या सिस्टरना म्हणाल्या.

सिस्टरनी वही खुर्चीवर ठेवली आणि का, कशाला न विचारता दुसरं टोक धरलं. दवाखान्यात चाळीस वर्षं माणसं उचललेले हात होते ते. टेबल गर्रकन फिरलं. सात-आठ झाडं तिथल्या तिथे आडवी झाली.

"अहो बाई, तुम्ही कोण?" टायवाला ओरडला.

"हे मी केलंय," पुठ्ठेबाई म्हणाल्या. "हे मॉडेल, आणि याच्या आधीची तीस वर्षांची सगळी. या सगळे पुढे. लांबून नाही दिसायचं. वाका आणि इथून बघा. ही माती. चार मिलिमीटर, म्हणजे तुमच्या मैदानावर चाळीस सेंटिमीटर, माझ्या कोपरापासूनच्या हाताएवढीही नाही. खाली या गाड्या. यात गवत येईल, झुडपं येतील. झाड येणार नाही. आलं तर पहिल्या वादळात कुणाच्या तरी डोक्यावर पडेल."

लोक खुर्च्या सरकवत पुढे आले. सिस्टरनी एक पडलेलं झाड उचललं, उभं केलं, बोट काढलं. पडलं. पुन्हा उभं केलं. पडलं.

"तांत्रिक बाबी आहेत या," टायवाला म्हणाला, "यावर उपाय असतात..."

"आणि आमची स्वयंपाकघरं कुठल्या बाजूला?" मागून एका बाईनं विचारलं.

पुठ्ठेबाईंनी दोन इमारतींमधल्या फटीत बोट घातलं. दोन बोटं गेली, तिसरं अडकलं. "इकडे. हा चौक. तुमच्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी, आणि सगळ्यांच्या एसीची गरम हवा मध्ये. माझ्या लेकीचं घर असंच आहे. मॉडेल बघून घेतलं तिनं. मीच केलेलं. त्यात चौक मोठा होता आणि बाग होती. तिची सात महिन्यांची पोर न्हाणीघरात निजत होती. मी खोटं बोलले होते, मला माहीत नसताना. आज माहीत असताना नाही बोलणार."

हॉलमध्ये एकच गलका झाला. कुणी टायवाल्याला जाब विचारत होतं, कुणी पुठ्ठेबाईंनाच, की तुम्हाला कुणी पाठवलंय. सिस्टरनी हात वर केला. गलका थोडा निवला. त्या टायवाल्याकडे न बघता भावाकडे वळल्या.

"आर्किटेक्ट तुम्ही ना? या म्हणतात ते खरं आहे?"

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या टकलावर घाम आला होता. टायवाला त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होता.

"आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला.

"साहेब, एक मिनिट..."

"आकडे बरोबर आहेत," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं, आणि हॉलबाहेर निघून गेला.

पुठ्ठेबाई बाहेर आल्या तेव्हा तो गाडीपाशी उभा होता. चेहरा पांढराफटक.

"झालं समाधान? एवढ्या लोकांसमोर नागडं केलंस मला."

"सहा वेळा कापली म्हणालास. सातव्या वेळी काय करणार होतास?"

"चौदा माणसं आहेत माझ्याकडे, ताई! उद्या त्यांना काय सांगू? बहिणीनं टेबल फिरवलं?"

"सांग. आणि माझ्या नातीच्या पाठीवर घामोळी किती होती तेही सांगते, लिहून घे."

"तू मला वाढवलंस म्हणून काहीही..."

"वाढवलं म्हणूनच!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. "वाढवलं म्हणून लाज वाटते मला!"

तो गाडीत बसला आणि निघून गेला. मग सहा महिने बहीणभावांत एक शब्द नाही. भावजय मधूनमधून फोन करायची, "तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच जरा..." म्हणायची. पुठ्ठेबाई म्हणायच्या, "मोठी आहे म्हणूनच."

बिल्डरनं भावाला काढून टाकलं आणि दुसरा आर्किटेक्ट आणला. पण रहिवाशांनी आता डोळ्यांत तेल घातलं होतं. सिस्टर दर बैठकीला शिवणकामाची टेप घेऊन बसत. पुष्कळ रस्सीखेच झाली. शेवटी निम्म्या मैदानाखालचं पार्किंग गेलं, तिथे झाडं थेट जमिनीत लागणार. उरलेल्या निम्म्यात फरसबंदी. चौक साडेचार मीटर. मातीची खोली आणि चौकाची रुंदी करारात आकड्यांनी लिहून घेतली. समितीनं आणखी एक अट घातली, की मॉडेलची एक बाजू उघडी हवी आणि ते पुठ्ठेबाईंनीच करायचं. ते त्यांनी केलं. मात्र शहरातल्या तीन ऑफिसांनी त्यांना काम देणं बंद केलं. भावाच्या चौदा माणसांतली पाच गेली.

सहा मीटरचे साडेचार झाले याचा पुठ्ठेबाईंना शेवटपर्यंत राग होता. लोक अभिनंदन करायचे तेव्हा त्यांना तो जास्तच यायचा.

लेकीच्या इमारतीत काहीच बदललं नव्हतं. लोक तक्रारी करत होते आणि बिल्डर म्हणत होता, मंजूर नकाशाप्रमाणेच बांधलंय, मॉडेल फक्त कल्पनेसाठी होतं. पावसाळा सरल्यावर लेक आपल्या घरी परत गेली. येत्या उन्हाळ्याचं नाव काढलं की तिचं तोंड उतरायचं.

आणि मग एका सकाळी भाऊ पुठ्ठेबाईंच्या दारात उभा राहिला. हातात एक पाकीट. पुठ्ठेबाई काचेचा तुकडा घासत होत्या. त्यांनी या म्हटलं नाही. तो आपणच आत आला आणि स्टुलावर बसला. पाकीट त्यांच्यासमोर सरकवलं.

आत त्याच्या ऑफिसच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी तीन पानं होती. लेकीच्या इमारतीचा मूळ आराखडा काय होता, चौक किती होता, माती किती होती, कुठल्या तारखेला कुणाच्या सांगण्यावरून काय कापलं, आणि विक्रीचं मॉडेल जुन्या आराखड्याचंच ठेवायला कुणी सांगितलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की या सगळ्यावर माझी सही आहे आणि ती करताना मला परिणामांची कल्पना होती. हे तो रहिवाशांना देणार होता. यानंतर कुठलाही मोठा बिल्डर त्याला दारात उभा करणार नव्हता, हे सांगायची गरज नव्हती.

पुठ्ठेबाईंनी तिन्ही पानं उभ्यानं वाचली.

"सही केल्यापासून पाच वर्षं लागली तुला हे लिहायला."

"हो."

"मधल्या काळात त्या इमारतीत किती पोरं जन्मली, माहितीये?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी पानं पुन्हा पाकिटात घातली.  "दुसऱ्या पानावर तारीख चुकलीय. मॉडेल मी ऑगस्टात दिलं, सप्टेंबरात नाही. माझ्या डायरीत आहे. एवढ्यावरून ते तुला खोटं पाडतील."

त्यानं खिशातून पेन काढलं.

"खाडाखोड करू नकोस. नवीन छापून आण," पुठ्ठेबाई म्हणाल्या. "आणि मॉडेल करणारी म्हणून माझ्या सहीला जागा ठेव."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "चहा देशील आल्यावर?"

"आधी आण," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा काच घासायला लागल्या, गरजेपेक्षा जास्त जोरात.